हाकाऱ्याला नाव नसतं

रद्दीच्या दुकानातनं जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा उचलून आणला. वजनावर घेतला. त्यातल्या शिकारकथा तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि आठवडाभर वाचत बसलो. वाघाच्या थोड्या. बाकी ससे, तितर, लावे, होले, एखादं रानडुक्कर. म्हणजे सुट्टीत गावाकडं आलेल्या माणसानं माळावर फिरून मारायची जनावरं.

गोष्टी वाईट लिहिलेल्या न्हाईत, हे आधी कबूल करतो. पहाटेचं दव, ज्वारीच्या फणकटातनं फुर्रकन उठणारा तितर, जीपच्या उजेडात थिजलेला ससा, सगळं दिसतं. बंदुकीची तर अख्खी कुळकथा असते. बोअर किती, काडतूस कितव्या नंबरचं, ती कुणाच्या वडलांनी कुणाकडून घेतली. जीपचं नाव असतं. कुत्र्याला तर दोन-दोन नावं, एक इंग्रजी, एक लाडाचं. आणि समोरच्या ओढ्यातनं रान उठवत येणारी वीस माणसं? ते ‘हाकारे’. अनेकवचनी. एखाद्याला लई झालं तर ‘एक काळा तुकतुकीत गडी’.

माझा आजा असा अनेकवचनी होता.

1956 च्या आधीची गोष्ट. येसकराची पाळी आमच्या घराकडं होती. पाटलाचा सांगावा आला, तालुक्याचं कोण सायेब आलंय, रान उठवायला चला. मजुरी विचारायची सोय न्हवती. वतन होतं ना! (ती वतनं कायद्यानं मोडली 1958 साली.) काठ्या आपटत, डबडी वाजवत ही माणसं बाभळीच्या बनातनं निघाली. ससा सुटला तो आडवा, ह्यांच्याच रांगेकडं. सायबानं बार काढला. ससा पडला, आणि आज्याच्या पोटरीत चार छर्रे गेले. तीन गावच्या न्हाव्यानं काढले. एक राहिला. म्हातारा आम्हा पोरांना तो बोटानं दाबून बघू द्यायचा, कातड्याखाली ज्वारीच्या दाण्यागत सरकायचा. ससा अर्थात जीपमधनं गेला.

मी शोधतोय ती त्या छऱ्याची गोष्ट. गठ्ठ्यात सापडली नाही.

आमचे रसिक समीक्षक म्हणतील, शिकारकथेत निसर्ग बघायचा, जात कशाला काढता? काढली तुम्ही. मराठीत ‘पारध’ म्हणजेच शिकार. ज्या जमातीला नावच त्यावरनं पडलं त्या पारध्याला तुमच्या कथेत जागा नाही. असलाच तर रात्री तळावर घिरट्या घालणारा संशयित. फास मांडणं, पाळलेल्या तितराला ओरडायला लावून रानातला तितर बोलावणं, गाईच्या आडोशानं जनावराजवळ जाणं ह्यात अक्कल नाही? ह्या विद्येवर दहा पानं लिहायला काय हरकत होती? पण फाशात घावलेला ससा म्हणजे चोरी आणि बारा बोअरनं मारलेला ससा म्हणजे छंद. भाषेनं आधीच निकाल देऊन ठेवलाय.

कायद्यानंही तेच केलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीचा परवाना मिळायचा. शिकारीचे परवाने बंद झाले ते 1991 च्या दुरुस्तीनं. परवाना ज्याच्या खिशात तो शिकारी, नसलेला चोरटा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. पण पीक राखायला आधी शेत लागतं. ज्याच्या नावावर वाफाभर जमीन नाही त्यानं काय राखायचं?

माडगूळकरांचं वेगळं बोललं पाहिजे. ‘माणदेशी माणसं’ (1949) मधला धर्मा रामोशी नावानिशी येतो, भुकेनिशी येतो. लेखकाला शिकारीचा षोक होता आणि माणूसही दिसत होता, हे माझ्या टीकेला अडचणीचं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. म्हणजे जमतं. मग बाकीच्यांच्या हातात बंदूक आली की माणूस ‘हाकारे’ का होतो?

जिम कॉर्बेटच्या ‘माय इंडिया’त (1952) सुलताना भांतूची हकीकत आहे. भांतू ही गुन्हेगार ठरवलेली जमात, नजीबाबादच्या किल्ल्यात कोंडलेली. सुलतानाला धरायच्या पोलीस मोहिमेत कॉर्बेट स्वतः होता. माग काढणं, दबा धरणं, सगळी शिकारीचीच विद्या, फक्त सावज माणूस. पण तो गोरा निदान एवढं लिहून जातो, की जन्मतःच शिक्का बसलेल्या ह्या माणसाला धड संधीच मिळाली नाही. आमच्या दिवाळी अंकवाल्याला पारध्याबद्दल तेवढंही सुचलं नाही.

1972 च्या कायद्याला एक पाचवं परिशिष्ट होतं, उपद्रवी जनावरांचं. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं. कुणीही मारा. 2022 च्या दुरुस्तीनं ते परिशिष्ट गेलं, तरी एखादं जनावर उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्रानं ठेवलाय. माणसांची अशी यादी त्याच्याही शंभर वर्षं आधी झाली, 1871 साली. ती कागदावरनं पुसली 1952 ला, आणि 1959 ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’त (1959) हजेरी देणारी माणसं वाचा आणि मग हे परिशिष्ट वाचा. समीक्षेचं दुसरं पुस्तक लागणार नाही.

आता रानडुकरांवर नव्यानं लिहिलं जातंय. तक्रार खरी आहे. माझ्या मेव्हण्याचा दीड एकर भुईमूग एका रात्रीत उकरला गेला, डुकराला ‘निसर्गाचं लेकरू’ म्हणायला मी जाणार नाही. महाराष्ट्रानं 2015 साली डुक्कर आणि रोही मारायच्या परवान्याची वाट काढली. 2016 ला बिहारात मोकाम्याकडं हैदराबादेहून बंदूकवाले आणून दोनशेच्या वर नीलगायी पाडल्या. त्या बातम्यांत पुन्हा तेच. नेमबाजाचा फोटो, रायफलीची माहिती. मेलेली धुडं ओढून पुरली कुणी, ते नाही. माळ्यावर रात्रभर डबडं बडवत मजुरीनं राखणीला बसतो कोण, डुकरासाठी सोडलेल्या वीजतारेला अंधारात चिकटतो कोण, गावठी बॉम्ब फळ समजून उचलतं कुणाचं पोर, हे बातमीत शेवटच्या ओळीला, तेही जागा उरली तर.

पुढच्या अंकासाठी हेच मागतोय. रान उठवलेल्या, फास मांडलेल्या, माळ्यावर जागलेल्या माणसानं स्वतःच्या नावानं लिहावं. लिहिता येत नसंल तर सांगावं, आम्ही उतरून घेऊ. शुद्धलेखन बघणार नाही. आज्याची गोष्ट मी लिहायला घेतलीय. त्याच्याबरोबर रांगेत असलेल्यांची नावं चुलत्याला विचारून सात मिळाली, तेरा अजून राहिलीत.