पोस्टमनला हसतं कोण?

झाक तातीच्या 'झूर द फेत' (जत्रेचा दिवस, १९४९) या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे 'खेडवळ पोस्टमनची फजिती' म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. मला ती अपुरी वाटते. हसू कोण पेरतं, हे पात्रयोजनेतच सांगून ठेवलेलं आहे.

चित्रीकरण झालं १९४७ च्या उन्हाळ्यात, मध्य फ्रान्समधल्या सेंत-सेव्हेर-स्युर-आंद्र या गावात. युद्धकाळात ताती त्याच परिसरात आश्रयाला होता. पडद्यावरचे बहुतेक गावकरी हे खरोखरचे गावकरी आहेत. व्यावसायिक नट थोडे. त्यांतले दोन म्हणजे पाळणा घेऊन येणारे जत्रेकरी, रोजे आणि मार्सेल: गी देकोंब्ल आणि पोल फ्रांकर. (देकोंब्ल पुढे त्रुफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये खडूस मास्तर झाला.) फ्रांस्वाला दारू पाजतात ते हे दोघे. अमेरिकी टपालखात्याच्या अचाट वेगाचा माहितीपट जत्रेच्या तंबूत पाहून तो खट्टू झाल्यावर त्याला पेटवतात तेही हेच. गावकरीही टर उडवतात, पण ती रोजच्या ओळखीतली. ठिणगी बाहेरची.

मग ताती कुठल्या बाजूचा? तोही बाहेरचाच, म्युझिक हॉलमध्ये खेळाडूंच्या नकला करून नावारूपाला आलेला. पण गांधीलमाशीचा प्रसंग आठवा. लांबच्या रस्त्यावर सायकलवरचा फ्रांस्वा हातवारे करतो; माशी सुटते आणि अलीकडच्या शेतातला माणूस तसेच हातवारे करू लागतो; मग पुन्हा फ्रांस्वा. कॅमेरा कुणाच्याही चेहऱ्याजवळ जात नाही. कसलेला नकलाकार आणि शेतातला माणूस एकाच चौकटीत, एकाच मापाचे. ज्याला गावंढळपणाला हसायचं असतं तो असा अंतरावर थांबत नाही.

याला रंगांची एक बाजू आहे, आणि ती टीकाकारांपासून जवळजवळ अर्धशतक दडून राहिली. चित्रीकरण दोन कॅमेऱ्यांनी झालं, एक थॉमसनकलरचा आणि एक खबरदारी म्हणून कृष्णधवल. रंगीत प्रती काढणं त्या कंपनीला जमलंच नाही. लोकांनी पाहिला तो कृष्णधवल चित्रपट. तातीची कन्या सोफी तातिशेफ आणि छायालेखक फ्रांस्वा एद यांनी मूळ रंग पडद्यावर आणले ते १९९५ मध्ये, ताती जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. तेव्हा कळलं की तातीने गावाची दारं मुद्दाम करडी रंगवून घेतली होती आणि लोकांना काळपट कपडे घातले होते. रंग येतो तो जत्रेबरोबर आणि जातो तोही तिच्याच गाड्यांतून. पेटवणारे आणि रंग आणणारे एकच, ही गुंतागुंत कृष्णधवल प्रतीत हरवली होती. जत्रेकरी खलनायक नाहीत. गाव त्यांची वाट पाहतं.

१९४६ च्या ब्लुम-बर्न्स करारानंतर फ्रेंच चित्रपटगृहांना तिमाहीत फक्त चार आठवडे देशी चित्रपटांसाठी राखणं बंधनकारक होतं. बाकीचे आठवडे हॉलिवूडला खुले. त्या काळात अमेरिकी वेगाची नक्कल करणारा पोस्टमन सायकलसकट नदीत पडतो. म्हातारी त्याला गाडीत घेते, वर समजावते की बातम्या चांगल्या क्वचितच असतात, तेव्हा उशीर झाला तरी चालेल. फ्रांस्वा गवत कापणाऱ्यांत सामील होतो. टपालाची पिशवी एक पोरगा घेतो आणि जत्रेच्या गाड्यांमागे धावत सुटतो.