विज्ञानाची मर्यादा आणि श्रद्धेची कसोटी

नगरचा भुईकोट किल्ला निजामशाहीच्या इतिहासासाठी जितका प्रसिद्ध, तितकाच तो ग्रंथलेखनासाठीही स्मरणीय आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने काँग्रेसच्या ज्या नेत्यांना येथे स्थानबद्ध केले, त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद आणि आचार्य नरेंद्र देव हे तिघे होते. 'भारताचा शोध' हा ग्रंथ नेहरूंनी १९४४ साली येथेच लिहिला. आझादांच्या 'गुबार-ए-खातिर' मधील बहुतेक पत्रेही येथलीच. दोन्ही ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. नरेंद्र देवांचा 'बौद्ध धर्म दर्शन' हा हिंदी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५६ मध्ये आला. विज्ञान जेथे थांबते तेथून पुढे माणसाने कशाच्या आधारे जावे, या एका प्रश्नापुरता या तिघांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

नेहरू विज्ञानाचे पक्षपाती. तरीही विज्ञान वस्तुस्थिती सांगते, जीवनाचे अंतिम प्रयोजन सांगत नाही, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. मात्र जेथे प्रयोगशाळेचे साधन चालत नाही, तेथेही चिकित्सक वृत्ती सोडू नये, असा त्यांचा आग्रह आहे. हीच वृत्ती १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट झाली. नेहरूंचा आग्रह आम्हांस मोलाचा वाटतो. उणीव एवढीच की, विज्ञानापलीकडील अनुभवाची पारख नेमकी कोणत्या कसोटीवर करावी, याचे उत्तर त्यांच्या विवेचनात मिळत नाही.

आझादांची भूमिका निराळी. तत्त्वज्ञान संशय जागा करते पण तो मिटवू शकत नाही. विज्ञानाकडे पुरावा आहे पण मनाला आधार देणारा विश्वास नाही. धर्म पुरावा देत नसला तरी विश्वास देतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. याच किल्ल्यात असताना, एप्रिल १९४३ मध्ये, पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना मिळाली. शोकाच्या प्रसंगी माणसाला पुराव्याहून अधिक काही हवे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुरावा एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे अशी जी विभागणी आझाद करतात, ती अटळ आहे काय?

बौद्ध परंपरेचे उत्तर नकारार्थी आहे. मृत पुत्राला घेऊन औषध मागत आलेल्या किसा गोतमीला तथागतांनी परलोकाचे आश्वासन दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. ती दारोदार फिरली आणि मरण सर्वत्र आहे हे तिने स्वतः पडताळून पाहिले. तिला मिळालेली शांती पुराव्यावाचून आलेली नव्हती. ती पुराव्यातूनच आली. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात तर भिक्खूने स्वतः तथागतांचीही परीक्षा घ्यावी असे सांगितले आहे, आणि अशा परीक्षेतून उपजणाऱ्या श्रद्धेला 'आकारवती', म्हणजे सकारण श्रद्धा म्हटले आहे.

नरेंद्र देवांच्या ग्रंथाचे महत्त्व आम्हांस येथे जाणवते. त्यात साधनेबरोबरच बौद्ध न्यायाचेही विवेचन आहे. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे बौद्ध नैयायिक मानतात. ग्रंथवचनाला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा देत नाहीत. धर्मकीर्ती इंद्रियज्ञानाखेरीज योगिप्रत्यक्षही स्वीकारतो, म्हणजे ध्यान हा ज्ञानाचा मार्ग आहे हे मान्य करतो. परंतु शोकाने वा भयाने ग्रासलेल्या माणसालाही नसलेली वस्तू समोर असल्यासारखी स्पष्ट दिसते, हेही तोच बजावतो. अनुभव उत्कट आहे म्हणून तो सत्य ठरत नाही; ध्यानाचा विषय आधी प्रमाणाने सिद्ध झालेला असावा लागतो. नेहरूंना जी कसोटी हवी होती, ती या परंपरेत कित्येक शतके आधी तयार होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी जे निकष दिले, तेही याच दिशेचे आहेत. वचन बुद्धिसंगत असावे. मानवाच्या हिताशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध शिरत नसत. आणि ज्याविषयी त्यांना निश्चिती होती व ज्याविषयी नव्हती, यांत ते भेद करीत.

या विवेचनाची आज निकड आहे. आपल्या विहारांतूनही दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. आधुनिक विज्ञानाने शोधलेले सारे त्रिपिटकात आधीच आहे, असे काही वक्ते सांगतात. विज्ञानाला मर्यादा आहेत, म्हणून अमुक मंत्र वा अमुक चमत्कार खरा मानावा, असे दुसरे सांगतात. पहिल्यांना धम्मासाठी विज्ञानाचे प्रशस्तिपत्र हवे आहे. दुसऱ्यांना विज्ञानाच्या अपुरेपणाची सबब हवी आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. ज्या समाजाला अशा कायद्याची गरज पडते, तेथे ही दुसरी सबब निरुपद्रवी मानता येत नाही.

विज्ञानाला मर्यादा आहेत हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या मर्यादेपलीकडे परीक्षा संपत नाही; तेथे परीक्षा करणाऱ्याची जबाबदारी अधिक वाढते. किसा गोतमीला कोणतीही प्रयोगशाळा उपलब्ध नव्हती, तरी तिने एकही दार वगळले नाही.