‘जंगल’ शब्दाचा अर्थविपर्यास

इंग्रजीत सर्रास रूढ असलेला ‘जंगल’ हा शब्द आपल्याच देशातून तिकडे गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु जाताना त्याने कोणता अर्थ बरोबर नेला व कोणता मागे टाकला, याचा विचार फारसा होत नाही. जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या खोऱ्यातील रानात अध्यापन करणाऱ्या आम्हांस तो करणे भाग पडते.

संस्कृत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळ्या वाऱ्याचा प्रदेश. चरकाने देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद केले. त्यांत जांगल वातप्रधान, तर आनूप पाणथळ व कफप्रधान. राजाने धान्यसमृद्ध अशा जांगल देशात वास्तव्य करावे, असा मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात उपदेश आहे. महाभारतातील ‘कुरुजांगल’ हे नावही वाचकांस परिचित असेल. म्हणजे जो शब्द एके काळी राजनिवासास योग्य भूमी दर्शवी, त्याच्याच कुळातील ‘जंगली’ हे विशेषण आज असंस्कृत मनुष्यास लावले जाते! शिवाय चरकाच्या कसोटीने पाहू गेल्यास, मुसळधार पावसाचा आमचा जोयडा ‘जांगल’ नव्हेच. तो आनूपाच्या अधिक जवळचा.

हा पालट कसा घडला? ‘न कसलेली जमीन’ हा यातील दुवा असावा, असे आम्हांस वाटते. 1776 साली हॅलहेडने इंग्रजीत आणलेल्या हिंदू कायद्याच्या संहितेत पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीस हा शब्द योजलेला आढळतो. पडीक जमिनीत झुडपे माजतात, झुडपांचे रान होते. त्याच क्रमाने अर्थही दाट होत गेला. 1894 साली किपलिंगचे ‘द जंगल बुक’ प्रसिद्ध झाले. 1906 साली अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांवरील कादंबरीस हेच नाव दिले. तेथे झाडीचा मागमूस नाही; उरला तो केवळ ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय.

मात्र सारा दोष इंग्रजांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. ‘रानटी’ हा शब्द आपलाच आहे. ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य, ही वाटणीही आपलीच. इंग्रजांचा ‘सॅव्हेज’ हा शब्दही लॅटिनमधील अरण्यवाचक शब्दापासून निघाला. आपल्या वेशीबाहेर राहणाऱ्यास हीन लेखावे, ही खोड सार्वत्रिक दिसते.

तथापि शिक्षकाने ती चालवू नये. ज्या कुणबी कुटुंबांनी या रानात कंदमुळांच्या कितीतरी जाती पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या, त्यांच्या मुलांस वर्गात ‘जंगली’ म्हणून दटावणे हे भाषेच्या दृष्टीने चुकीचे व शिक्षणाच्या दृष्टीने घातक आहे. ज्या शब्दाने घराचा अपमान होतो, तो शब्द ऐकून मूल घराविषयी बोलणेच सोडते, आणि मग त्याच्या निबंधात त्याचे रान कधी उतरत नाही. म्हणून शिक्षकबंधूंस आमची विनंती आहे की, हा इंग्रजी शब्द शिकविताना चरकाचा जांगलही सांगावा, आणि रान, वन, अरण्य, देवराई यांतील भेद मुलांकडूनच वदवून घ्यावा. त्यांस तो आपल्याहून अधिक ठाऊक असतो.