कंटेनरची कार्यशाळा : काय शिकवावे, काय वगळावे

जून २०१५ मध्ये पुण्याच्या एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘फेडोरा’ या लिनक्स प्रणालीचे वापरकर्ते आणि विकासक यांची तीन दिवसांची परिषद भरली होती. डॉकर आणि प्रोजेक्ट ॲटॉमिक हे तेव्हा ताजे विषय होते. त्यांवर भाषणेही झाली, कार्यशाळाही झाल्या. असे कार्यक्रम पुढेही होत राहिले आणि आता आपले विद्यार्थी त्यांना जातात. विठ्ठलवाडीच्या मुलाला पुण्याला जायचे तर आधी उलटे कल्याणला जावे लागते, कारण पुण्याच्या गाड्या त्याच्या स्थानकातून न थांबता निघून जातात. गाडीभाडे आणि पूर्ण दिवस खर्च करून तो काय घेऊन परततो, हा प्रश्न आयोजकांना विचारायलाच हवा.

विषय मुळात अवघड नाही. शिळफाट्यावरून न्हावा-शेव्याकडे जाणारे कंटेनर आपण रोज पाहतो, आणि बहुतेक वक्ते तिथूनच सुरुवात करतात. ही उपमा थोडी फसवी आहे. संगणकातला कंटेनर ही पेटी नव्हे. तो एक नेहमीसारखा चालू असलेला प्रोग्रामच असतो. फक्त त्याला संगणकाचे मर्यादित जग दाखवलेले असते. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यांना एकच असतो. ही कल्पना हळूहळू घडली : १९७९ मधील युनिक्सची ‘चरूट’ सोय, २००२ पासून लिनक्समध्ये आलेल्या ‘नेमस्पेस’, २००८ मध्ये आलेले साधनांच्या वाटणीचे ‘सीग्रुप’. डॉकरने हे सारे हाताळायला सोपे केले. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील पायथॉन परिषदेत डॉकर प्रथम जाहीरपणे दाखवले गेले, तेही पाच मिनिटांच्या भाषणात!

कंटेनरसाठीच बनवलेल्या लिनक्सची गंमत पुढची आहे. तिच्यात एकेक भाग सुटा बदलत बसायचे नसते. नवी आवृत्ती संपूर्ण, जुनीच्या शेजारी ठेवली जाते. संगणक पुन्हा सुरू केला की नवी चालू होते आणि बिघडलीच तर जुनीकडे परतता येते. मुख्य भाग फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही.

एवढे कळले तर दिवस सार्थकी लागला. परंतु मी पाहिलेल्या कार्यशाळांत बहुतेक वेळ साधनांची नावे आणि आज्ञा पडद्यावरून उतरवून घेण्यात गेला. त्या नावांचे आयुष्य पाहा. २०१५ मध्ये चर्चेत असलेले फेडोरा ॲटॉमिक होस्ट २०१९ मध्ये संपले. त्याची स्पर्धक कोअरओएस ही कंपनी रेड हॅटने २०१८ मध्ये विकत घेतली आणि तिच्या कंटेनर लिनक्सचा आधार मे २०२० मध्ये थांबला. तेव्हा घोकलेल्या आज्ञांपैकी कितीतरी आज निरुपयोगी आहेत. नेमस्पेस मात्र आहेत तशाच आहेत.

दुसरा दोष साध्या गणिताचा आहे. समजा चाळीस जण आहेत आणि प्रत्येकाला ५०० मेगाबाइटची फाइल उतरवून घ्यायची आहे. एकूण २० गीगाबाइट झाले. सभागृहाची जोडणी सेकंदाला २० मेगाबिट असेल तर ८००० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वादोन तास लागतील. तीन तासांच्या कार्यशाळेत उरले काय? एका संगणकावर ती फाइल आधीच ठेवून खोलीतल्या खोलीत वाटली असती तर हा प्रश्नच आला नसता. हा हिशेब सातवीचा विद्यार्थीही करील. आयोजक का करत नाहीत, हे मला कोडेच आहे.

भाषण आणि कार्यशाळा यांची रचना एकच असू शकत नाही. भाषणात एक कल्पना ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचली की पुरे. कार्यशाळेत ऐकणाऱ्याने स्वतःच्या हाताने काही करून पाहायला हवे, आणि ते चुकायलाही वेळ हवा. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ या बाबतीत पाहण्यासारखे आहे. सुमारे दहा मिनिटांचा एक धडा, तोही मराठीत उपलब्ध. विद्यार्थी तो थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहतो. समोर तज्ज्ञ नसला तरी चालते.

कंटेनरचा पहिला पाठ तर इंटरनेटशिवाय, प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही होतो. लिनक्समध्ये ‘अनशेअर’ नावाची आज्ञा असते. तिच्या साहाय्याने क्रमांकांचे नवे नेमस्पेस तयार करून त्यात शेल सुरू करावे आणि चालू प्रोग्रामची यादी मागवावी. यादीत फक्त दोन नावे दिसतात आणि शेलचा क्रमांक असतो १. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतून पाहिले तर तोच शेल कुठल्या तरी मोठ्या क्रमांकाने, शेकडो प्रोग्रामांच्या गर्दीत उभा असतो. एकच प्रोग्राम, दोन क्रमांक. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारावे आणि उत्तर सांगायची घाई करू नये. या प्रयोगाला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. तो प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांकडून आदल्या दिवशीच मागून ठेवावा.