फ्रँकेन्स्टाईनचा खरा गुन्हा

फ्रँकेन्स्टाईन म्हटले की पुष्कळांना चित्रपटातील राक्षस आठवतो. वास्तविक हे नाव राक्षसाचे नसून त्याला घडविणाऱ्या तरुणाचे आहे. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने ही कादंबरी १८१६ साली लिहावयास घेतली. त्या वेळी ती अवघी अठरा वर्षांची होती. पुस्तक १८१८ मध्ये निघाले.

विज्ञानाने मर्यादा ओलांडू नये, असा या कथेचा बोध सहसा सांगतात. मला तो अपुरा वाटतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन जवळजवळ दोन वर्षे खपून, मृतांचे अवयव जमवून एक देह तयार करतो. त्या देहात जीव येतो, तो डोळे उघडतो, आणि हा गृहस्थ भिऊन खोलीबाहेर पळतो! दुसऱ्या दिवशी खोली रिकामी दिसताच आनंदाने टाळ्या वाजवितो. तो जीव गेला कोठे, खाणार काय, याची चौकशीसुद्धा नाही. आम्हा परिचारिकांना पहिला धडा हा, की मूल कसेही जन्मले तरी त्याच्यापाशी कोणीतरी थांबलेच पाहिजे. व्हिक्टर शरीरशास्त्र शिकला, एवढे मात्र शिकला नाही.

कायद्याचा प्रश्न पुढे येतो. तो जीव व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून करतो. मुलाच्या गळ्यातील तसबीर घरच्या नोकर मुलीच्या, जस्टीनच्या, खिशात सापडते. पाद्री धाक घालून तिच्याकडून खोटी कबुली घेतो आणि ती फाशी जाते. खुनी कोण हे व्हिक्टर जाणतो. पण लोक वेडा म्हणतील या भयाने खरी हकीकत सांगत नाही. न्यायालय समोर आलेल्या पुराव्यावर चालते. ज्याला ठाऊक तोच गप्प, तर कायद्याने करावे काय? पुढे स्वतःच्या पत्नीचा खून झाल्यावर मात्र हाच व्हिक्टर न्यायाधीशाकडे धाव घेतो!

एक उणीव सांगितली पाहिजे. जस्टीन फारच सोशिक रंगविली आहे. मरणापूर्वी तिने मालकांच्या घराला दोन शब्द सुनावले असते, तर ती अधिक खरी वाटली असती.

व्हिक्टर मरताना म्हणतो, की आपल्या वागण्यात आपल्याला दोष दिसत नाही. वाचकाला तो दिसल्यावाचून राहत नाही, आणि हे श्रेय लेखिकेचे आहे.