सुफ्राँ आणि धुळप: माप एकच हवें

ट्रॉम्बेच्या, म्हणजे आपल्या जुन्या तुर्भ्याच्या, किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे मुंबई बंदराचें पाणी समोर दिसतें. लढाया व वादळ यांनीं जर्जर झालेलीं आपलीं जहाजें दुरुस्त करण्यास इंग्रज आरमाराचा अधिपति ह्यूज १७८२ च्या अखेरीस याच बंदरांत आला होता. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रेंच सेनानी सुफ्राँ याजपाशीं पूर्वसमुद्रांत अशी गोदी नव्हती. तरी फेब्रुवारी १७८२ पासून जून १७८३ पर्यंत तो ह्यूजशीं पांच वेळां लढला, आणि ऑगस्ट १७८२ मध्यें त्रिंकोमाली जिंकून त्यानें आपल्या आरमारास आसरा मिळविला. अमेरिकन ग्रंथकार मॅहॅन यानें १८९० च्या आपल्या ग्रंथांत त्याची जी थोरवी गायिली आहे, ती आम्हांस यथार्थ वाटते.

परंतु या कारकीर्दीस डाग नाहींत असें नाहीं. एप्रिल १७८१ मध्यें सुफ्राँनें तटस्थ पोर्तुगालच्या पोर्तो प्राया बंदरांत शिरून इंग्रज जहाजांवर हल्ला केला. कडलूरची शेवटची लढाई २० जून १७८३ रोजीं झाली. युरोपांत तहाचीं कलमें त्यापूर्वीं जानेवारींतच ठरलीं होतीं. यास्तव त्यास कोणी चांचा म्हणत नाहीं, व म्हणूंही नये.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. त्याच वर्षीं, ८ एप्रिल रोजीं, पेशव्यांचा आरमारी सुभेदार आनंदराव धुळप याच्या आरमारानें ‘रेंजर’ हें इंग्रजी जहाज पाडाव केलें. त्यांतील कर्नल हंबरस्टन पुढें जखमांनीं मरण पावला. मराठी दर्यावर्दी म्हटला कीं इंग्रज लेखणीस ‘चांचा’ हा शब्द सुचतो; बिडल्फनें तर १९०७ सालीं आंग्ऱ्यांच्या हकीकतीस मथळाच ‘मलबारचे चांचे’ असा दिला. राजसत्तेच्या नेमणुकीनें लढणारा अधिकारी चांचा कसा, याचें उत्तर आम्हांस मिळत नाहीं.

तथापि आमचे लेखकही निर्दोष नाहींत. ‘रेंजर’ जिंकलें एवढें सांगून ते जयघोष करितात. ज्या सालबाईच्या तहानें तुर्भ्यालगतची साष्टी इंग्रजांकडे कायम राहिली, तो मे १७८२ चा असून त्याच्या मान्यतापत्रांची देवघेव फेब्रुवारी १७८३ मध्यें झाली होती. पॅरिसची वार्ता कडलूरास पोहोंचण्यास महिने लागत. पुण्याची विजयदुर्गास पोहोंचण्यास तितके लागत नसत. या एका कलमांत धुळपाची बाजू सुफ्राँहून दुबळी आहे, आणि जहाज पुढें परत करण्यांत आलें, हेंही त्यास धरूनच आहे. उलट पोर्तो प्रायाचा दोष सुफ्राँनें जाणूनबुजून पत्करला, हें फ्रेंचांच्या चाहत्यांनींही विसरूं नये.

आमचें मागणें एवढेंच कीं, धुळपाचें चरित्र लिहिणारानें चांचेगिरीचा आरोप खोडून थांबूं नये. त्या एप्रिलांत विजयदुर्गास कोणता हुकूम होता, तो कोणीं दिला आणि तहाची खबर वेळेवर कां गेली नाहीं, हे प्रश्न त्यानें प्रथम विचारावेत. शत्रूस जे प्रश्न विचारावयाचे, ते आपल्या माणसासही विचारल्याखेरीज त्याचा गौरव टिकाऊ होत नाहीं.