किल्ली कोणाच्या खिशात?

फलकावर आजचा विषय 'विंडोज की लिनक्स' असा लिहिलाय. पण आम्ही कुणाला लिनक्स विकायला आलेलो नाही. या विषयावर जी मतं ठामपणे मांडली जातात ती तपासून बघायची, एवढंच आजचं काम. दोन्ही बाजूंची मतं तपासू, कारण आमच्या मते दोन्ही बाजूंचे नेहमीचे युक्तिवाद कच्चे आहेत आणि खरा मुद्दा मधल्यामधे राहून जातो.

धसईत बोलायचं तर सुरुवात धसईपासूनच करू. १ डिसेंबर २०१६. नोटाबंदीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार इथे आले, आणि धसई हे राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाचा पुढाकार होता आणि बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशीनं होती. वडापावच्या गाडीवरही कार्ड चालणार म्हणून देशभर बातम्या झाल्या. पुढे बातमीदार परत चौकशीला आले, तेव्हा त्यांना गल्ल्यावर पुन्हा नोटाच दिसल्या. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण काय झालं ते समजून घ्यायला हवं, कारण आपल्या विषयाचं मर्म त्यात आहे.

स्वाइप मशीन ही दुकानदाराच्या टेबलावर ठेवलेली दुसऱ्याची वस्तू. ती बिघडली तर उघडायची नाही, बँकेचा माणूस यायची वाट बघायची. रेंज गेली की ती नुसती पेटी. व्यवहारामागे कापायचं शुल्क किती, तेही दुसरीकडेच ठरणार. नंतर युपीआय पसरलं, त्यात दुकानदाराला लागला एक छापील कागद आणि स्वतःचा फोन. गिऱ्हाइकाची बँक कुठली, अ‍ॅप कुठलं, याच्याशी त्याला देणंघेणं उरलं नाही. जानेवारी २०२० पासून त्यावरचं शुल्कही शून्य झालं. रेंजची रड दोन्हीकडे सारखीच, तरी कागद टिकला. घोषणेनं जे झालं नाही ते कागदाच्या चौकोनानं केलं. जी पद्धत वापरणाऱ्याच्या हातात येते ती टिकते. जिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते, ती त्याची मर्जी असेपर्यंत चालते.

आता संगणकाकडे वळू. पहिलं मत लिनक्सवाल्यांचं: 'फुकट आहे, म्हणून वापरा.'

आम्हाला हे मत सगळ्यात कमजोर वाटतं. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात विंडोजसाठी पैसे मोजलेत कुणी? दुकानातून मशीन येताना क्रॅक केलेलं विंडोज टाकूनच येतं. बिघडलं की पोरगा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि 'फॉरमॅट मारून' जातो. ज्याला दोन्ही वस्तू फुकट मिळतात, त्याला 'ही फुकट आहे' सांगून काय फरक पडणार? इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द फुकटासाठीही आणि मोकळेपणासाठीही वापरतात. म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ पासून, ग्नू प्रकल्प जाहीर केल्यापासून, आपण स्वातंत्र्याबद्दल बोलतोय, किमतीबद्दल नाही, हे पुनःपुन्हा सांगावं लागलं. मराठीत ही अडचणच नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळा आणि 'मुक्त' वेगळा. तरी प्रचार करताना आपण नेमका 'फुकट' उचलतो!

केरळचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ते चांगलंच आहे, पण तेही नीट वाचायला हवं. तिथल्या शाळांतल्या दोन लाखांवर संगणकांवर लिनक्स आहे. २०१९ मध्ये तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेनं ३,००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं. हा आकडा आला कुठून? एका मशीनवरच्या सगळ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स दीड लाख धरलं आणि दोन लाखांनी गुणलं. पण कुठल्या सरकारी शाळेनं एका संगणकामागे दीड लाखाचं सॉफ्टवेअर घेतलं असतं? तेव्हा हा आकडा कागदावरचा. केरळची खरी कमाई वेगळीच आहे. त्यांनी शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्याच प्रणालीवर बेतली, मल्याळममध्ये काम होईल अशी सोय केली, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारी माणसं राज्यातच तयार केली. ही कमाई रुपयांत मांडता येत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही.

दुसरं मत समोरच्या बाजूचं: 'सगळीकडे विंडोज आहे. मुलांना लिनक्स शिकवलं तर नोकरी कशी लागेल?'

ही काळजी खोटी नाही. घरातलं पहिलंच पोर संगणकाला हात लावत असेल, तर आईबापांनी हे विचारायलाच हवं. पण 'सगळीकडे' म्हणजे कुठे? तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. जगातले बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात. राहिला प्रश्न शाळेतल्या पोराचा. त्याला शिकायचंय काय? फाइल म्हणजे काय, तक्ता कसा मांडायचा, मजकूर कसा जुळवायचा, माहिती खरी की खोटी हे कसं पडताळायचं. ट्रॅक्टर शिकणारा पोरगा एकाच कंपनीचा ट्रॅक्टर शिकत नाही, ट्रॅक्टर चालवायला शिकतो. 'स्टार्ट' बटण कुठल्या कोपऱ्यात आहे हे शिकवणं म्हणजे संगणक शिकवणं नव्हे. ते बटण तर कंपनी स्वतःच काही आवृत्त्यांत हलवते.

याच मताची दुसरी बाजू मात्र खरी आहे आणि लिनक्सवाले ती टाळतात. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला विचारा. बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल, ही साधनं बहुतांशी विंडोज गृहीत धरून बनवलेली असतात. लिनक्सवर ती चालवायची तर खटपट, आणि बाहेर दाखल्यासाठी वीस माणसं रांगेत. अशा माणसाला 'तू मुक्त हो' सांगणं सोपं आहे, पण त्याचं दुकान बंद पडलं तर आपण येणार नाही. भारत सरकारनं २०१५ मध्ये धोरण जाहीर केलं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, आणि ते टाळायचं तर कारण द्यावं. धोरण चांगलं आहे. पण सरकारी खिडकीवरची यंत्रंच त्या धोरणाशी जुळत नसतील, तर दोष खिडकीमागे बसलेल्या पोराचा नाही.

तिसरं मत खास आपल्याकडचं: 'लिनक्सवर आपलं मराठी टायपिंग चालत नाही.'

इथे जरा थांबायला हवं. एका कार्यालयातली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडून द्याल का, म्हणून आमच्याकडे आली होती. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मजकूर मराठीच होता, पण जुन्या फॉन्टमध्ये. श्रीलिपी काय, आयएसएम काय, त्या काळच्या या पद्धतींत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि प्रत्येकाची बसवण्याची रीत निराळी. तो फॉन्ट मशीनवर असेल तर मराठी दिसणार, नसेल तर खिचडी. त्या सॉफ्टवेअरनी त्या काळी मराठी छपाई उभी केली, तो उपकार विसरता येत नाही. पण परिणाम काय झाला? मजकूर आपला, नोंदी आपल्या, ठराव ग्रामसभेचे, आणि ते वाचायची किल्ली विकत घेतलेल्या एका पॅकेजात.

म्हणजे 'मराठी चालत नाही' ही तक्रार लिनक्सची नाही, बंद फॉन्टची आहे. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी विंडोजवर दिसतं, लिनक्सवर दिसतं, फोनवरही दिसतं. आणि मराठीचं खुल्या फॉन्टमधलं काम झालंय ते आपल्याच आसपास. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी 'लोहित' फॉन्ट सांभाळले, त्यात मराठीसाठी वेगळा फॉन्ट होता. मुंबईच्या 'एक टाइप'नं 'मुक्ता' खुल्या परवान्यावर दिला. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. खुल्या फॉन्टमध्ये असं काही चुकलं तर दुरुस्त करायला परवानगी मागावी लागत नाही. बंद फॉन्टमध्ये अर्ज करायचा आणि वाट बघायची. आपल्या भाषेपुरतं बोलायचं तर 'मुक्त' याचा अर्थ इतका साधा आहे.

चौथं मत हल्ली जोरात आहे: 'परदेशी नको, स्वदेशी घ्या.'

याला कारण घडलंय. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं निर्बंध लावले, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या ईमेल वगैरे सेवा मायक्रोसॉफ्टनं बंद केल्या. पैसे भरलेले, करार झालेला, तरी. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाल्या. एवढी मोठी तेलकंपनी कोर्टात जाऊ शकते. धसईची शाळा जाईल का?

तेव्हा भीती रास्त आहे, पण निष्कर्ष अर्धवट. सॉफ्टवेअर देशी असलं आणि बंद असलं, तर किल्ली खिशातच राहिली, फक्त खिसा जवळचा झाला. त्याचा फायदा आहे, कायदा आपला, कोर्ट आपलं. पण कंपनी विकली गेली, बंद पडली, दर वाढले, तर आपण पुन्हा तिथेच. उलट नुसतं 'ओपन' म्हणूनही भागत नाही. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे म्हटलं, पण फोन प्रत्यक्षात ज्या सेवांवर चालतो त्यातल्या बऱ्याच गूगलच्या आणि बंद आहेत. युपीआयचा रस्ता सगळ्यांना सारखा, तरी बहुतेक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपांवरून होतात. दार उघडं आहे की नाही, एवढं बघून चालत नाही. त्या दारातून बाहेर पडायला किती खर्च येतो तेही बघावं लागतं.

आता जर्मनीतलं म्युनिक. लिनक्सचे टीकाकार हे उदाहरण आवडीनं देतात. तिथल्या महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले, तरी महापालिका हलली नाही. २०१३ पर्यंत जवळपास १५,००० संगणक लिनक्सवर आले. आणि २०१७ मध्ये ठराव झाला, परत विंडोज! 'बघा, हरले' म्हणणारे इथेच थांबतात. २०२० मध्ये सत्ता बदलली आणि नव्या आघाडीनं पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूनं कौल दिला. आम्ही यातून घेतो ते एवढंच: ज्या निर्णयामागे फक्त सभागृहातलं बहुमत असतं, तो बहुमताबरोबर फिरतो. बंद मशीनं घोषणेनं रुजत नाहीत, तशी खुली प्रणालीही घोषणेनं रुजत नाही.

मग आज पणाला काय लागलंय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. काही अटींवर किंवा पैसे भरून थोडी मुदतवाढ मिळते, तेवढीच. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप आणि प्रोसेसर साधारण २०१७ च्या आधीच्या मशीनांत नसतात. गावातल्या शाळांत मशीनं आली कशी? देणगीतून, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेली. म्हणजे नेमकी तीच, जुनी. ती चालू आहेत, पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, आणि सात समुद्रापलीकडे ठरलं म्हणून ती भंगार. हलकं लिनक्स टाकलं तर त्यातली बरीच मशीनं अजून काही वर्षं पोरांच्या हाताखाली राहतील. आमच्या मते मुद्दा इतका जवळचा आहे.

म्हणून आमचं म्हणणं क्रमानं सांगतो. पहिल्यांदा कागदपत्रं सोडवा. जुन्या फॉन्टमधलं सगळं युनिकोडमध्ये आणा, ते येणारी माणसं अजून गावात आहेत तोवर. मग प्रोग्रॅम बदला. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स विंडोजवरही चालतात, हात तिथेच बसू द्या. मग शाळेतली जुनी मशीनं लिनक्सवर घ्या, पण दुरुस्त करणारे निदान दोघं गावात तयार झाल्यावर. एक नको, कारण एकाच माणसाला येत असेल तर किल्ली परत एकाच खिशात. सेवा केंद्राचं मशीन सगळ्यात शेवटी, किंवा आज नाहीच. त्यासाठी आधी सरकारकडे मागणी करावी लागेल, की यंत्रं सगळ्या प्रणालींवर चालतील अशीच घ्या.

म्हसाच्या जत्रेत बैल घेणारा माणूस दात बघतो, चालवून बघतो, मागचा मालक कोण ते विचारतो. गोणीत घातलेला बैल कुणी घेत नाही. संगणक घेताना मात्र आपण गोणीसकट घेतो. शाळेच्या समितीत नाहीतर ग्रामसभेत पुढच्या वेळी खरेदीचा विषय आला, तर चार प्रश्न विचारा. यात लिहिलेलं दहा वर्षांनी दुसऱ्या मशीनवर उघडेल का? बिघडलं तर गावात कोण दुरुस्त करेल? उद्या देणाऱ्यानं हात काढून घेतला तर आपण काय करू? आणि सोडून जायचं ठरवलं तर आपलं सगळं बरोबर नेता येईल का?

उत्तरं पटली तर विंडोज खुशाल घ्या, आमची तक्रार नाही. नाही पटली, तर लिनक्सही घेऊ नका, आधी उत्तरं मिळवा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या बाकांवरून सुरुवात करू या, तिकडची मंडळी मघापासून काहीतरी कुजबुजतायत.